वस्तीतल्या लोकांना संगणक आणि एआय शिकवायला कोणता अभ्यासक्रम घ्यावा?

तुमच्या प्रश्नाच्या तपशिलात लिहिलंय की संस्थेला दहा लॅपटॉप मिळालेत, दोनशे लोकांना शिकवायचंय आणि अभ्यासक्रम कोणता, किती तासांचा ते ठरवायचंय. लॅपटॉप आहेत, तास आहेत, आकडाही आहे. शिकवणारं माणूस मात्र त्यात कुठेच दिसलं नाही, म्हणून लिहायला बसले.

मी चार वर्षं अशाच एका केंद्रात शिकवलंय. वीस तासांचा कोर्स, शेवटी पन्नास प्रश्नांची परीक्षा, पास झालं की प्रमाणपत्र. एका तुकडीत एक मावशी होत्या. वय पन्नाशीचं, काम इमारतींचे जिने धुण्याचं. पहिले तीन दिवस त्यांचा माऊस सरकत सरकत टेबलाच्या कडेला जायचा आणि त्या तिथेच थांबायच्या, कारण पुढे जागाच नसायची. माऊस उचलून मागे घेता येतो हे आम्ही सांगितलंच नव्हतं. हे सांगावं लागतं हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. चौथ्या दिवशी शेजारच्या मुलीने दाखवलं. तरी बाईंनी एक दिवस चुकवला नाही आणि परीक्षेत पन्नासपैकी 41 गुण मिळवले. 'एक किलोबाइट म्हणजे किती बाइट?' या प्रश्नावर त्यांनी 1024 वर बरोबर खूण केली होती. मला तो प्रश्न नीट आठवतो, त्याचं कारण पुढे येतंय.

निधी संपला, केंद्र बंद झालं. यंत्रं खोक्यात गेली. दोन महिन्यांनी मी किल्ली परत द्यायला गेले तर मावशी पायरीवर बसलेल्या. सहावीतल्या नातीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, शेवटचा दिवस. अर्ज आधी एका माणसाकडून भरून घेतला होता. त्याने मोबाइलच्या रकान्यात स्वतःचा क्रमांक टाकलेला. तो माणूस लबाड नव्हता. दिवसाला पन्नास अर्ज भरताना प्रत्येकाचा ओटीपी मागत बसण्यापेक्षा त्याला ते सोपं पडायचं, एवढंच. पण त्यामुळे 'फोटो नाकारला, पुन्हा अपलोड करा' हा संदेश त्याच्या फोनवर गेला आणि मावशींना तीन आठवड्यांनी कळला. क्रमांक बदलायला गेलो तर ओटीपी जुन्याच क्रमांकावर जाणार. त्याचा फोन बंद. दुपारी कधीतरी लागला.

मग फोटो. पानावर लिहिलेलं, फोटो 50 केबीपेक्षा कमी हवा. मावशींनी मला विचारलं, "मॅडम, केबी म्हणजे काय हो?"

केबी म्हणजे तोच किलोबाइट. ज्या बाईने 1024 वर खूण केली होती तिने हे विचारलं. चूक तिची नव्हती. आम्ही तिला शब्दाचा अर्थ शिकवलाच नव्हता, फक्त उत्तर शिकवलं होतं. फोटोलाही वजन असतं, ते कमी करता येतं, कापलं की कमी होतं, व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवला की आपोआप घटतं, यातलं काहीही आमच्या वीस तासांत नव्हतं. सीपीयूचे भाग होते. पेंट या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये घर काढणं होतं.

आणि त्या दिवशी मीही तेच केलं जे तिथला प्रत्येक जण करत होता. वेळ संपत आली होती, मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि चार मिनिटांत काम उरकलं. मावशींनी माझे हात धरले. पुढच्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण आलं आणि त्यांचा फोन आला, "मॅडम, तेवढं करून द्या ना." तेव्हा मला कळलं की काम झालं होतं, शिकणं झालंच नव्हतं. त्या वेळी मी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. खरंच सांगते, मांडीखाली. फोन त्यांच्याच हातात राहिला. एक तास चाळीस मिनिटं लागली, दोनदा सगळं पुसलं गेलं, एकदा त्या रडवेल्या झाल्या. तिसऱ्या वर्षी फोन आला नाही. नातीचा अर्ज त्यांनी भरला आणि शेजारणीच्या मुलाचाही, शेजारणीचाच क्रमांक टाकून.

हा सगळा प्रकार मी आमच्या आढावा बैठकीत सांगितला होता. प्रकल्पप्रमुखांनी पडद्यावर प्रमाणपत्रांचा आकडा लावला होता. ते म्हणाले, "मॅडम, एक उदाहरण म्हणजे निष्कर्ष नव्हे. साधन हातात द्या, माणूस आपोआप शिकतो. भिंतीतल्या संगणकाचा प्रयोग वाचा." तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. मी तो वाचलेलाच नव्हता. आता वाचलाय, म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या संस्थेतही कुणीतरी हेच म्हणणार आहे.

1999 मध्ये शिक्षणसंशोधक सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीला आपल्या कचेरीच्या भिंतीत एक संगणक बसवला, पलीकडे झोपडवस्ती. मुलं कुणी न शिकवता तो चालवायला लागली. हे खरं आहे आणि मोठं आहे. पण पुढचंही वाचावं. पायल अरोरा या संशोधिकेने उत्तराखंडातल्या अल्मोडा आणि हवालबाग इथल्या अशाच केंद्रांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध केला. तिथे ती बंद पडलेली होती आणि गावात त्यांची खूणही फारशी उरली नव्हती. खुद्द सुगत मित्रा यांनीही पुढे स्काइपच्या व्हिडिओ कॉलवरून मुलांशी बोलणाऱ्या स्वयंसेवकांची फळी उभी केली. त्याला आजीचा मेघ म्हणजे ग्रॅनी क्लाउड असं नाव पडलं. या माणसांनी शिकवायचं नाही, आजीसारखं मागे उभं राहून "अरे वा, कसं केलंस रे?" विचारायचं. म्हणजे फिरून माणूसच आला.

दुसरं उदाहरण पेरूचं. तिथे सरकारने 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' योजनेत लाखो यंत्रं वाटली. आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या अभ्यासकांनी 319 ग्रामीण शाळांची तुलना करून 2012 मध्ये निकाल मांडला: गणित आणि भाषेच्या गुणांत काही फरक नाही. सामान्य आकलनाच्या चाचण्यांत थोडी वाढ दिसली, तेवढी नोंदवायलाच हवी. पण यंत्र आलं की बाकीचं मागोमाग येतं हा समज तिथे टिकला नाही.

आणि आता अडचण नेटवर्कचीही तेवढी राहिलेली नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या 2024 च्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे 260 कोटी लोक इंटरनेट वापरत नव्हते. त्यातले बहुतेक जण जिथे मोबाइल इंटरनेट पोहोचलंय तिथेच राहतात. टॉवर आहे आणि तरी माणूस बाहेर आहे. फोन कुणाच्या नावावर आहे, घरात तो कुणाच्या हातात असतो, चूक झाली तर कोण ओरडतं, या गोष्टी टॉवरने सुटत नाहीत. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी बायकांचा फोन नवऱ्याचा किंवा मुलाचा असायचा. त्यांना घरी सराव करा म्हणणं व्यर्थ होतं. केंद्रातला तास हाच त्यांचा सराव.

आता एआय. तुम्ही लिहिलंय की 'प्रॉम्प्ट कसे लिहावेत', म्हणजे एआयला प्रश्न किंवा सूचना कशा द्याव्यात, असा स्वतंत्र भाग ठेवणार आहात. माझं स्पष्ट मत: काढून टाका. साधनं दर सहा महिन्यांनी बदलतात, तुमचे तयार प्रॉम्प्ट शिळे होतील. लोकांना विचारता येतं, जन्मभर विचारत आलेत. त्यांना ओळखता यायला हवं की मिळालेलं उत्तर धरायचं की सोडायचं.

केंद्र बंद झाल्यावर आम्ही दोघी-तिघींनी शनिवार संध्याकाळची एक खोली चालू ठेवली आहे. चॅटजीपीटी आलं 2022 च्या नोव्हेंबरात; पुढच्या वर्षी मी ते तिथे दाखवलं. पहिल्या दिवशी मी सगळ्यांना एकच सांगितलं: तुम्हाला जे माझ्यापेक्षा चांगलं येतं तेच विचारा. एक शिवणकाम करणारी बाई होती. तिने बोलून विचारलं, पुरुषाच्या पूर्ण बाह्यांच्या शर्टाला कापड किती लागेल? क्षणात उत्तर आलं, मीटरमध्ये, अगदी ठामपणे. मला ते पटलं. ती म्हणाली, "यानं पन्हा विचारलाच नाही." पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. तो 36 इंची असेल तर कापड जास्त लागतं, 58 इंची असेल तर बरंच कमी. पन्हा न विचारता आकडा सांगणाऱ्या शिंप्याकडे ती कापड टाकणार नाही.

त्या एका वाक्यावर आमचे पुढचे तीन शनिवार गेले. औषधाबद्दल विचारलंत, त्याने वय विचारलं का? आधीची औषधं विचारली का? अर्जाची शेवटची तारीख सांगितली, कोणत्या वर्षाची? 'पन्हा विचारला का?' हा आमच्या खोलीतला शब्दच झाला. ज्या विषयात आपण जाणकार आहोत तिथे यंत्राची चूक दिसते. जिथे नाही तिथे तीच चूक उत्तरासारखी दिसते. हे मला कुठल्याही पाठ्यपुस्तकातून शिकवता आलं नसतं, तिने शिकवलं. म्हणून माझा आग्रह आहे की एआय 'प्रगत' म्हणून शेवटी ठेवू नका. आठवड्याभरात बोलून विचारायला लावा. टंकलेखन येत नाही म्हणून आजवर जे बाहेर राहिले त्यांच्यासाठी बोलून विचारणं हे पहिलं उघडं दार आहे. फक्त हेही सांगा की चॅटजीपीटीसारखी ही एआय साधनं मुख्यत्वे इंग्रजी मजकुरावर घडली आहेत, आपल्या भाषेत त्यांचा पाय जास्त घसरतो. आणि ओटीपी, ओळखपत्राचा फोटो, बँकेचा तपशील तिथे टाकायचा नाही, हे पहिल्याच तासाला.

तुमचा मूळ प्रश्न: कोणता अभ्यासक्रम? छापील एकही नको. पहिल्या दिवशी प्रत्येकाला विचारा, गेल्या वर्षात कोणतं काम दुसऱ्याकडून करून घ्यावं लागलं. त्या कामांची यादी हाच अभ्यासक्रम. इंग्रजी वाचणारी तरुण मुलं असतील तर हेलसिंकी विद्यापीठाने 2018 मध्ये सुरू केलेला 'एलिमेंट्स ऑफ एआय' हा मोफत कोर्स चांगला आहे. सरसकट सगळ्यांना देऊ नका. दहा लॅपटॉपांवर एका वेळी दहापेक्षा जास्त माणसं बसवू नका. शिकवणाऱ्याने दुसऱ्याच्या माऊसला किंवा फोनला हात लावायचा नाही, हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा आणि स्वतःपासून पाळा. परीक्षा हवीच असेल तर तीन महिन्यांनी घ्या, एकट्याने एक खरं काम करून दाखवायची.

काही गोष्टी उशिरा सुचतायत. प्रमाणपत्राला मी वर बरंच बोलले, पण नोकरी शोधणाऱ्या मुलांना तो कागद लागतो, तो नाकारू नका. पेंटवरही अन्याय झाला. माऊसवर हात बसायला ते खरंच उपयोगी आहे, दोन तास पुरे. अनेक एआय सेवांना वयाची अट असते, लहान मुलांची तुकडी असेल तर आधी अटी वाचा. आणि मी एकच वस्ती जवळून पाहिली आहे. आमचे प्रमुख म्हणाले तसं ते एकच उदाहरण आहे, हे मला मान्य आहे. फक्त त्यांनी त्या बैठकीनंतर मावशींना एकदा भेटायला हवं होतं. केंद्रापासून त्यांचं घर पाच मिनिटांवर होतं.

किती तासांचा, ते राहिलं. निधी संपल्यावर केंद्राची किल्ली कोणाकडे राहणार आहे आणि ते माणूस त्याच वस्तीतलं आहे का, एवढं खाली लिहा. त्यावरून तासांचा हिशेब सांगते.