एकच जोडी घ्यायची तर कुठली स्की घेऊ?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही बेलव्ह्यूला राहतो, सिअ‍ॅटलच्या शेजारी. गेली चार वर्षं स्टीव्हन्स पास नाहीतर स्नोक्वाल्मीला जातोय, दर वेळी रेंटल घेऊन. ब्लू रनवर, म्हणजे मध्यम उतारावर, पॅरलल टर्न (दोन्ही स्की समांतर ठेवून वळणं) नीट जमतात, ब्लॅकवर, म्हणजे अवघड उतारावर, अजून धाकधूक होते. यंदा स्वतःच्या स्कीज घ्यायच्यात पण एकच जोडी. इथे सकाळी बर्फ कडक, दुपारी त्याचा चिखल, आणि मध्येच एखाद्या दिवशी फूटभर ताजा. दुकानात मध्ये १०४ मिमी रुंद असलेल्या दाखवल्या, ऑफिसमधला मित्र म्हणतो ८० च्या वर जाऊच नको. उंची १७२ सेंमी, वजन ७५ किलो. काय करू?
— एक वाचक, बेलव्ह्यू

उत्तर: आधी एक विचारते, मागच्या सीझनमध्ये जितके दिवस गेलात त्यातले खरोखर ताज्या बर्फाचे किती होते? आठवून मोजा, कारण आपण स्की विकत घेतो त्या एका सोनेरी दिवसासाठी आणि वापरतो बाकीच्या सगळ्या दिवसांत. मी पहिली जोडी १०६ ची घेतली होती, पावडरचे, म्हणजे ताज्या भुसभुशीत बर्फाचे, व्हिडिओ बघून. जानेवारीतल्या कडक सकाळी वळताना तिची कड बर्फात रुतायलाच वेळ लागायचा, दोन तासांत गुडघे दुखायला लागायचे, आणि मला वाटायचं माझंच टेक्निक बिघडलंय.

स्कीवर तीन आकडे छापलेले असतात, पुढची, मधली आणि मागची रुंदी, त्यातला मधला म्हणजे वेस्ट. ढोबळमानाने ८५ च्या खाली कडक, मशीनने सपाट केलेल्या उतारासाठी, १०५ च्या वर पावडरसाठी, आणि मधला पट्टा ऑल-माउंटनचा, म्हणजे सगळ्या प्रकारच्या बर्फावर चालणाऱ्या स्कीचा. तुमच्यासाठी मी ९० ते ९६ म्हणेन. म्हणजे मित्रही थोडा बरोबर आणि दुकानवालाही, पण दोघांनी तुमचा डोंगर धरलेला नाही.

तुमचा डोंगर म्हणजे कॅस्केड्स पर्वतरांग. पॅसिफिकवरून ओली हवा येते, घाटाच्या उंचीवर तापमान शून्याच्या आसपास घुटमळतं, त्यामुळे बर्फ पडतो भरपूर पण जड, पाणीदार, म्हणून तर इथले लोक त्याला कॅस्केड काँक्रीट म्हणतात. (याच रांगेतल्या माउंट बेकरला १९९८-९९ च्या सीझनमध्ये १,१४० इंच बर्फ पडला होता, म्हणजे जवळपास २९ मीटर, तो जागतिक विक्रम आहे.) आता गंमत बघा, कोलोरॅडोच्या कोरड्या भुसभुशीत बर्फात तरंगायला रुंदी लागते, पण हा जड बर्फ स्वतःच तुम्हाला बऱ्यापैकी उचलून धरतो, त्यामुळे रुंदी कमी पुरते. खरा त्रास होतो अकरानंतर, लोकांनी तो ताजा बर्फ तुडवून त्याचे ढिगारे केले की, तिथे हलकी स्की प्रत्येक ढिगाऱ्यावर आपटते आणि टोक इकडेतिकडे भरकटतं. म्हणून इथे रुंदीपेक्षा वजनाकडे आणि आतल्या बांधणीकडे बघा. टायटॅनल नावाच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे पातळ थर असले की स्की थरथरत नाही, ढिगाऱ्यातून सरळ निघते. मात्र दोन पूर्ण थरांची ताठ स्की जोर मागते, आणि तुमच्या लेव्हलला दुपारी पाय थकले की तीच जड वाटेल. त्यामुळे हे वाचून ठरवू नका, पायात घालून ठरवा.

आकार असा हवा की टोकाला रॉकर, म्हणजे पुढचा भाग लवकर वर वळलेला, आणि पायाखाली कॅम्बर, म्हणजे जमिनीवर ठेवली की मध्ये कमान. रॉकरने ओल्या बर्फात टोक रुतत नाही, कॅम्बरने सकाळच्या कडक बर्फात कड धरून राहते. पूर्ण रॉकरवाली नको. लांबी १७० ते १७६. रॉकरमुळे बर्फाला लागणारी कड तशीही कमी होते, त्यामुळे रेंटलला १६५ ची देत असतील तरी घाबरू नका.

एका शनिवारी डेमो घ्या, म्हणजे दुकानातून स्की भाड्याने घेऊन चालवून बघा. नॉर्डिका एन्फोर्सर ९४ ही धातूवाली, वजनदार. एलन रिपस्टिक ९६ हलकी, त्यात डावी-उजवी वेगळी असते. सालोमन क्यूएसटी ९४ या दोघींच्या मधली. तिन्ही एकाच दिवशी, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा. बरीच दुकानं डेमोचं भाडं खरेदीत वळतं करतात, आधी विचारून घ्या.

आणि बूट अजून रेंटलचेच असतील तर पैसे आधी तिथे घाला, हे मी अगदी कळकळीने सांगते. टाच आत हलत असेल तर कुठलीही स्की तुमचं ऐकणार नाही. बूट फिटरकडे जा, आतलं मऊ लायनर काढून नुसत्या शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडक कवचात, पाय घालायला लावेल, बोटं पुढे टेकल्यावर टाचेमागे एक ते दोन सेंटिमीटर जागा उरली पाहिजे. बाइंडिंगचा, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा, ब्रेक वेस्टएवढा किंवा थोडाच जास्त रुंद असावा, आणि त्याचं सेटिंग घरी स्क्रूड्रायव्हरने करू नका, टेक्निशियनकडूनच करून घ्या, पडल्यावर स्की सुटणं न सुटणं त्याच्यावर आहे.

प्रश्न: गुलमर्गला सरकारी इन्स्टिट्यूटमध्ये बेसिक कोर्स केला, खूप आवडलं, आता दरवर्षी आठवडाभर जायचं ठरवलंय. पुण्यातून स्कीज घेऊन जाणं बरं पडेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर: अजून नको. वर्षाला सात दिवसांसाठी विमानात जोडी नेणं-आणणं परवडत नाही, आणि तिथे रेंटल मिळतं. घ्यायचेच तर बूट घ्या, तेही पाय मोजून. चिल्लई कलान, म्हणजे काश्मीरमधल्या सगळ्यात कडाक्याच्या थंडीच्या चाळीस दिवसांत, २१ डिसेंबरपासून, तिथला बर्फ थंड आणि हलका असतो, पण तुम्ही सध्या खालच्या उतारांवर आणि गोंडोलाच्या (केबल कारच्या) पहिल्या टप्प्यावरच असणार, तिथे ८० ते ९० ची स्की मागा. दुसरा टप्पा अफरवट डोंगरावर नेतो, ३,९०० मीटरच्या वर, तिथून खाली तयार केलेला रन नाही, हिमस्खलनाचा धोका खरा आहे. तिथे गाइड, बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) हे सगळं असेल आणि ते वापरता येत असेल तेव्हाच जा, त्या दिवसासाठी १०५ च्या पुढची स्की रेंटवर घ्या.