वाचक विचारतात : मिशनरीचा खर्च मंडळीने (चर्चने) कसा उचलावा?

प्रश्न : आमच्या मंडळीत साठेक कुटुंबं आहेत. मेळघाटातल्या एका मिशनरी कुटुंबाला महिना 18,000 रुपये मानधन द्यायचं पाळकसमितीने ठरवलं आहे. एवढं पुरेल का? (खजिनदार, नागपूर)

उत्तर : 18,000 हे मानधन झालं, खर्च नव्हे. त्यावर घरभाडं 4,000, मोटारसायकलचं पेट्रोल-दुरुस्ती 3,000, मुलांची शाळा आणि वसतिगृह 4,000, कुटुंबाचा आरोग्य विमा 1,500, निवृत्तीसाठी 1,800 धरा. बेरीज 32,300. मिशनरी ज्या संस्थेमार्फत काम करतो, ती हिशेब-देखरेखीसाठी दहा टक्के कापत असेल, तर साडेपस्तीस हजारांच्या घरात जाल. हे आकडे नमुन्याचे. खरे त्या कुटुंबाकडून लेखी मागवा. पहिल्या यादीतून विमा आणि निवृत्ती हमखास गळतात, कारण त्यांची निकड यंदा दिसत नाही. मग साठीतल्या माणसाला ना घर, ना पेन्शन, आणि मंडळी म्हणते, देव पुरवील!

वचनचिठ्ठ्या, म्हणजे कोण किती देणार याची लेखी वचनं, वर्षभराच्या भरून घ्या. गरजेपेक्षा पंधरा टक्के जास्त वचनं जमेपर्यंत होकार कळवू नका. बदली, आजारपण, लग्नकार्य यांत काही सुटतातच. त्यात आपला नागपूरचा उन्हाळा. मे महिन्यात निम्मी बाकं रिकामी, अर्पणाची थैली हलकी, आणि शाळेची फी भरायची जूनमध्ये. म्हणून नाताळ आणि ईस्टरच्या अर्पणातून तीन महिन्यांची रक्कम आधीच वेगळ्या खात्यात टाका. पैसे दर महिन्याच्या 5 तारखेआत पोचले पाहिजेत. ‘जमेल तसं पाठवू’ म्हटलं की तिकडे किराणा दुकानात उधारी सुरू होते.

थेट त्या कुटुंबाला द्यावं, की सगळ्या मिशनरींना वाटल्या जाणाऱ्या संस्थेच्या सामाईक निधीत? आम्ही सामाईक निधीच्या बाजूचे. थेट पद्धतीत मंडळीसमोर चांगलं बोलणाऱ्याची झोळी भरते. बोलीभाषेत भाषांतर करत बसलेला किंवा संस्थेचा हिशेब लिहिणारा मागे पडतो. इंग्रज मिशनरी हडसन टेलर यांनी 1865 मध्ये चायना इनलँड मिशन काढलं, तेव्हा ठरावीक पगार नाही, लोकांपुढे हात पसरायचा नाही आणि आलेलं वाटून घ्यायचं, असा नियम घातला. वाटून घेण्याचा भाग उचलण्याजोगा आहे. पगाराविना राहण्याचा निर्णय मात्र मिशनरीने स्वतः घ्यावा, समितीने त्याच्यावर लादू नये.

प्रश्न : अमेरिकेतले नातेवाईक याच कामासाठी डॉलर पाठवतो म्हणतात. मंडळीच्या खात्यावर घेता येतील का?

उत्तर : आधी पासपोर्ट विचारा. तो भारतीय असेल आणि रक्कम त्यांच्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत येत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत पावतीला जोडून ठेवा. अमेरिकन नागरिकत्व घेतलेलं असेल, तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असूनही ती विदेशी देणगीच, आणि त्यासाठी एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. 2020 च्या दुरुस्तीनंतर असे पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. एका संस्थेने घेऊन दुसरीला देणंही त्याच दुरुस्तीने बंद केलं. भाच्याच्या खात्यावर मागवून मंडळीला ‘अर्पण’ दाखवायची पळवाट काढू नका. त्यात भाचाही अडकतो आणि मंडळीही.

आणि परदेशी पैशावाचून अडतं असंही नाही. 1905 साली बंगालातल्या सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, ती भारतीय माणसं, भारतीय पैसा आणि भारतीय कारभार याच पायावर.

प्रश्न : आमच्या गावाकडच्या छोट्या मंडळीत रोख पैसा कमी. मूठभर तांदळाने खरंच काही होतं का? (भगिनी मंडळ, भंडारा)

उत्तर : होतं. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) बायकांनी 1910 मध्ये ‘बुहफाई थाम’ सुरू केलं : प्रत्येक वेळी भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला. तिथली मंडळी आजही त्यावर मिशनकार्य चालवते. मूठ सुमारे 45 ग्रॅम धरली, तर दोन वेळचे मिळून महिन्याला घरामागे पावणेतीन किलोच्या आसपास. चाळीस घरांचं एक क्विंटलवर जातं.

फसतं ते साठवणीत आणि सरमिसळीत. चिन्नोर, कोलम आणि जाडा एका पोत्यात गेले की गिऱ्हाईक सगळ्याला जाड्याचा भाव लावतं, म्हणून डबे वेगळे ठेवा. रेशनचा तांदूळ घेऊच नका, तो विकता येत नाही. दर रविवारी दोघींनी मिळून वजन करून वहीत सही करावी, आणि महिन्याच्या आत विक्री उरकावी. पावसाळ्यात त्याहून जास्त ठेवलात तर सोंडे लागतात. लिलाव उपासनेनंतर लगेच घ्या. सगळे हजर असतात आणि भाव बाजारापेक्षा दोन रुपये चढाच मिळतो.