‘हाऊस’ला आधी झोडपलं आणि आता डोक्यावर घेतलं, मग बरोबर कोण?

तुम्ही विचारलंय: १९७७ चा जपानी भयपट ‘हाऊस’ पाहिला, पियानो मुलीला खातो, मांजराच्या चित्रातून रक्ताची धार लागते, सगळं उघड उघड खोटं दिसतं. त्या वेळच्या समीक्षकांनी नाकं मुरडली होती, आताचे त्याला थोर म्हणतात. तर बरोबर कोण?

खोटं दिसतं हे दोघांनीही बरोबर पाहिलं. पहिले तिथंच थांबले. दुसरे त्या खोटेपणावर खूश झाले आणि बरेचसे तेही तिथंच थांबले.

मी सांगलीत हौशी नाटकांचे पडदे रंगवतो, त्यामुळे ‘खोटं दिसतंय’ हा शेरा माझ्या रोजच्या ओळखीचा. राज्य नाट्य स्पर्धेच्या एका वर्षी मी संध्याकाळचं आभाळ मुद्दाम जांभळं-केशरी, ब्रशचे फटकारे दिसतील असं रंगवलं होतं, कारण नाटकातली बाई ते आभाळ आठवणीतून सांगत होती. परीक्षकांपैकी एकांनी ‘नेपथ्य अवास्तव’ म्हणून गुण कापले. ते मला लागलं, अजूनही लागतं. म्हणून या सिनेमाबद्दल मी तटस्थ नाही, हे आधीच सांगतो.

याचा दिग्दर्शक नोबुहिको ओबायाशी हा माणूस जाहिरातींतून आलेला. हॉलिवूडचा नट चार्ल्स ब्रॉन्सन याला घेऊन केलेली ‘मँडम’ या पुरुषांच्या सौंदर्यप्रसाधनाची जाहिरात जपानभर गाजली होती. १९७५ मध्ये ‘जॉज’नं जगभर गल्ला जमवल्यावर तोहो या जपानी चित्रपट कंपनीनं याला सांगितलं की आम्हालाही तसलं काहीतरी दे. ओबायाशीनं घरी आपल्या शाळकरी मुलीला, चिगुमीला विचारलं. मोठी माणसं समजेल तेवढंच सांगतात, पोरं न समजलेलंही सांगतात, असा त्याचा विश्वास होता. तिनं आपल्या भीती सांगितल्या. आरशातलं आपलंच रूप आपल्यावर धावून येतं. पियानोच्या पट्ट्यांत बोटं अडकतात. आजोळच्या विहिरीत गार करायला सोडलेलं कलिंगड वर काढताना माणसाचं डोकं वाटतं. श्रेयनामावलीत मूळ कल्पनेसाठी तिचं नाव आहे, आणि ते नुसतं लाडापोटी दिलेलं नाही.

कंपनीनं पटकथा मंजूर केली, पण तोहोचा कुणी दिग्दर्शक ती हातात घेईना. दोन वर्षं अशीच गेली. तेवढ्यात ओबायाशीनं सिनेमाच्या आधीच त्यातली गाणी, कादंबरी, रेडिओनाटक बाजारात आणलं. पोरं विचारायला लागली, सिनेमा कधी येणार? तेव्हा कुठं त्यालाच करू दिलं. अशा कंपन्यांत वर्षानुवर्षं सहायक म्हणून राबल्याशिवाय दिग्दर्शकाची खुर्ची मिळत नसे. आपल्याकडं नाटक मंडळीत आधी पडदा ओढायचा, मग भाला धरायचा, मग दोन वाक्यं मिळायची, तसंच. हा थेट बाहेरून आला. जुलै १९७७ मध्ये सिनेमा लागला तेव्हा बहुतेक समीक्षकांचा सूर नापसंतीचाच होता. जाहिरातीसारखे तुकडे आहेत, गोष्ट नाही, पोरखेळ आहे. तरुण प्रेक्षकांनी मात्र तो चालवला. त्याच खेळात जोडीला मोमोए यामागुची या लाडक्या गायिकेचा प्रेमपट होता, त्यामुळं गर्दीचं सगळं श्रेय ‘हाऊस’ला देणं बरं नव्हे. पण त्या वर्षीचा नव्या दिग्दर्शकाचा ‘ब्लू रिबन’ हा जपानी चित्रपट पुरस्कार ओबायाशीलाच मिळाला, म्हणजे सगळ्यांनीच नाकारलं असंही नव्हतं.

अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत तो रीतसर पोहोचला २००९-१० च्या सुमारास, तीस वर्षांनी. तिथं बहुतेकांनी तो उचलून धरला. मध्यरात्रीचे खेळ, आरडाओरडा, टाळ्या. मला ते कौतुक अर्धंच वाटतं. ‘काय वेडा सिनेमा आहे!’ एवढं म्हणून माणूस घरी जातो, आणि त्यातली मावशी मागंच राहते.

मावशी कोण? सुट्टीत सात मुली ज्या घरी जातात तिथली ती बाई, त्यांच्यातल्या एकीची मावशी. तिचा नियोजित नवरा युद्धावर गेला तो परत आलाच नाही. ही वाट बघत राहिली, वाट बघतच मेली, आणि आता लग्न न झालेल्या मुलींना घर खातं, कारण तिला नवरीचा साज पुन्हा अंगावर घालायचाय. ही कथा आगगाडीत मुलींना सांगितली जाते ती जुन्या मूकपटासारखी, आणि मुली त्यावर सिनेमा बघतोय अशा गप्पा मारतात. मध्येच अणुबॉम्बचा ढग दिसतो. एक मुलगी म्हणते, कापसाच्या मिठाईसारखा दिसतो की!

तालीम संपल्यावर आमच्या ग्रुपच्या पोरांना मी हा सिनेमा मागच्या पांढऱ्या पडद्यावर दाखवला. खालच्या इंग्रजी ओळी मी मराठीत सांगत होतो. तिथं माझ्या तोंडून आपोआप निघालं, ‘म्हातारीच्या केसांसारखा’. गणपतीच्या जत्रेत काडीवर मिळतात ते गुलाबी. सगळे हसले. मग एक मुलगी म्हणाली, दादा, ते परत लावा. परत लावलं. तिला मावशीचा चेहरा बघायचा होता.

ओबायाशीचं गाव ओनोमिची, हिरोशिमा प्रांतातलं. ऑगस्ट १९४५ मध्ये तो सात वर्षांचा होता. त्या बॉम्बनं त्याचे बालमित्र नेले, हे तो पुढं सांगत आला. असा माणूस तो ढग गंमत म्हणून टाकेल, हे मला पटत नाही. १९७७ च्या त्या मुली युद्धानंतर जन्मलेल्या. त्यांना ढगात मिठाई दिसते, हा त्यांचा दोष नाही. पण जिचं सगळं आयुष्य त्या युद्धानं गिळलं, ती बाई तिकडं घरात एकटी बसलीय. घराची भूक ती हीच. सिनेमा भयपट आहे तो इथं, आणि हे १९७७ च्या टीकेत नाही तसंच नंतरच्या टाळ्यांतही फारसं नाही.

आता खोटेपणाबद्दल. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये इथंच, सांगलीत, ‘सीता स्वयंवर’ केलं. पुढं त्या धर्तीच्या नाटकांत राक्षस ‘अललडुर्र’ करत आरोळ्या ठोकत यायचे. तो खरा राक्षस नाही हे समोरच्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि तरी आयांच्या कडेवरची पोरं रडत असणार. खरं दिसल्यानंच भीती वाटते, हा समज फार अलीकडचा आहे. ओबायाशीला पडद्यावरच्या करामती लहान मुलानं केल्यासारख्याच दिसायला हव्या होत्या. गच्चीवरचा प्रसंग आठवा, मावशीच्या भाचीला वडील नव्या आईची ओळख करून देतात तो. मागं रंगवलेली लालभडक संध्याकाळ, तिचा पांढरा स्कार्फ वाऱ्यावर उडतोय. अजून एकही भूत आलेलं नाही, पण जग आधीच पडद्यावर रंगवलेलं आहे. त्यामुळं पुढं धोका नेमका कुठून सुरू झाला हे डोळ्याला कळतच नाही. माझ्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट ही आहे.

उणिवा आहेत, त्या लपवत नाही. गुरुजींची केळ्यांची गंमत मला एकदाही हसवू शकली नाही. मधला भाग एकेक मुलगी कमी करत जातो तेव्हा तोचतोपणा येतो. आणि शाळकरी मुलींच्या अंगावर कॅमेरा काही ठिकाणी ज्या नजरेनं जातो, ती नजर मला आवडत नाही. त्यावर लिहिणाऱ्यांचा आक्षेप मला मान्य आहे.

पुन्हा बघणार असाल तर फोनवर बघू नका. ८८ मिनिटांचाच आहे, कुणाच्या तरी घरी मोठ्या पडद्यावर, दोन-चार जणांत बघा. गाडीतली ती गोष्ट सुरू झाली की मुलींच्या बोलण्याकडं कान ठेवा आणि डोळे मावशीवर. मग गच्चीवरचं आभाळ तुम्हाला कसं वाटलं ते इथं खाली लिहा, मला खरंच वाचायचंय.