वाचकांचे प्रश्न : ‘मैदान’मधील रहीमसाहेब आणि इतिहासातील रहीमसाहेब

भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या आयुष्यावर आधारलेला, अमित शर्मा दिग्दर्शित ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट एप्रिल २०२४ मध्ये प्रदर्शित झाला. अजय देवगण यांनी त्यात रहीम यांची भूमिका केली आहे. या चित्रपटाविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : चित्रपटात दाखवलेल्या घटनांपैकी खऱ्या किती आणि पदरच्या किती?

उत्तर : मैदानावर जे घडते ते बहुतांशी खरे आहे आणि मैदानाबाहेर जे घडते त्यात मात्र पटकथेने सढळ हाताने भर घातली आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि युगोस्लाव्हियाकडून भारताने १०-१ असा मार खाल्ला, ही नोंद खरी आहे. १९५६ मध्ये मेलबर्नला भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवून उपांत्य फेरी गाठली आणि अखेर चौथे स्थान मिळवले, हेही खरे. मात्र हंगेरीने माघार घेतल्यामुळे पहिल्या फेरीत भारताला पुढे चाल मिळाली होती आणि उपांत्य फेरी गाठण्यासाठी एकच सामना जिंकावा लागला, हे आपण ध्यानात ठेवायला हवे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरी आणि पेरूकडून भारत हरला, तरी फ्रान्सला त्याने १-१ असे बरोबरीत रोखले.

गजराज राव यांनी रंगवलेला, रहीम यांच्यावर डूख धरून बसलेला क्रीडापत्रकार हे मात्र काल्पनिक पात्र आहे. आमच्या मते त्याची गरजही नव्हती. ज्या संघाचा मुख्य बचावपटू डोक्याला टाके असताना अंतिम सामना खेळतो, त्याच्या गोष्टीत खलनायक बाहेरून आणावा लागत नाही. याउलट, कथा हेलसिंकीपासून सुरू केल्यामुळे १९५१ साली दिल्लीत झालेल्या पहिल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत इराणला १-० असे नमवून भारताने मिळवलेले सुवर्णपदक चित्रपटाबाहेरच राहिले. त्या संघाचे प्रशिक्षकही रहीमच होते. चित्रपटाचा शेवट ज्यावर होतो ते १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेतील यश हे त्यांचे या स्पर्धेतील दुसरे सुवर्णपदक होते, याची कल्पना चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या अनेकांना नसते.

प्रश्न : १९६२ च्या अंतिम सामन्यात जकार्ताचे प्रेक्षक भारतीय खेळाडूंची हुर्यो का उडवतात? चित्रपटात हे कारण घाईघाईत येऊन जाते.

उत्तर : इंडोनेशियाने त्या स्पर्धेसाठी इस्राएल आणि तैवान या देशांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. आशियाई क्रीडा महासंघाच्या संस्थापकांपैकी एक असलेले भारताचे गुरुदत्त सोंधी यांनी त्याला जाहीर हरकत घेतली आणि असे असेल तर या स्पर्धेला आशियाई क्रीडा स्पर्धा म्हणता येणार नाही, अशी भूमिका मांडली. यजमानांना हा अपमान वाटला, निदर्शने झाली आणि जमावाने जकार्तातील भारतीय दूतावासावर हल्ला केला. लगेच ४ सप्टेंबरला सेनायन स्टेडियमवर भारत आणि दक्षिण कोरिया यांची गाठ पडली, तेव्हा सगळे स्टेडियम कोरियाच्या बाजूने होते आणि भारताच्या बाजूने ओरडणाऱ्या मोजक्या लोकांत पाकिस्तानच्या हॉकी संघातील खेळाडू होते.

याच कोरियाने पहिल्या साखळी सामन्यात भारताला २-० असे हरवले होते. त्यानंतर थायलंड, जपान आणि उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनाम यांना हरवत संघ पुढे आला, पण जर्नेल सिंग यांच्या डोक्याला जखम झाली होती आणि गोलरक्षक पीटर थंगराज तापाने आजारी पडले होते. रहीम यांनी जर्नेल यांना विश्रांती देण्याऐवजी बचावफळीतून काढून थेट सेंटर फॉरवर्डच्या जागी उभे केले आणि अंतिम सामन्यात थंगराज यांनाही गोलमध्ये परत आणले. पहिल्या २० मिनिटांतच पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल यांनी एकेक गोल केला. सामना संपायला थोडा वेळ उरला असताना कोरियाने एक गोल फेडला, तरी भारत २-१ असा जिंकला.

प्रश्न : रहीम यांची प्रशिक्षक म्हणून नेमकी करामत कोणती? चित्रपटात ते भाषणे देतात आणि सिगारेट ओढतात, शिकवताना फारसे दिसत नाहीत.

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. रहीम पेशाने शिक्षक होते आणि त्यांच्या पद्धतीत तो पेशा उतरला होता. खेळाडूने आपल्या कमकुवत पायानेही चेंडू मारलाच पाहिजे, यासाठी ते तशा खास स्पर्धा आणि सराव घेत. चेंडू पायाशी घेऊन एकट्याने नाचवत बसण्यापेक्षा चटकन पास देऊन मोकळ्या जागेत पळण्यावर त्यांचा भर होता, आणि उंचीत व ताकदीत कमी पडणाऱ्या खेळाडूंसाठी तेच शहाणपणाचे होते. चार बचावपटू, दोन हाफबॅक आणि चार आघाडीपटू ही त्या काळी नवी असलेली रचना त्यांनी भारतीय संघात रुजवली. चित्रपटात खेळाडू निवडण्याचा भाग जेवढा रंगला आहे तेवढाच सरावाचा रंगला असता, तर जर्नेल यांना पुढे खेळवण्याचा निर्णय प्रेक्षकाला चमत्कार न वाटता हिशेबी वाटला असता.

प्रश्न : या सगळ्याशी महाराष्ट्राचा काही संबंध येतो का?

उत्तर : अवश्य येतो. रहीम यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला आणि ही स्पर्धा मुंबईत भरत असे. ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक नोंदवणारे पहिले आशियाई खेळाडू ठरलेले नेव्हिल डिसूझा आणि जकार्ताच्या संघातील हाफबॅक फॉर्च्युनाटो फ्रँको हे दोघेही मूळचे गोव्याचे आणि मुंबईत टाटांच्या संघाकडून खेळलेले होते.

प्रश्न : नागराज मंजुळे यांच्या ‘झुंड’मध्ये प्रशिक्षकाचे नाव बदलले आहे, मग तो चरित्रपट म्हणावा का?

उत्तर : २०२२ मध्ये आलेल्या ‘झुंड’मधील विजय बोराडे हे पात्र नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कामावरून घेतले आहे, पण चित्रपटाचा जीव प्रशिक्षकात नसून मुलांत आहे. पासपोर्टसाठी ओळखीचा कागद मिळवताना एका आदिवासी मुलीची आणि तिच्या वडिलांची जी फरफट दाखवली आहे, ती बोराडे यांच्या चरित्राचा भाग नाही, तरी आम्हाला तो चित्रपटातील सर्वांत कसदार भाग वाटतो. त्याला चरित्रपट म्हणण्यापेक्षा एका खऱ्या कामावरून सुचलेली कथा म्हणणे अधिक योग्य.

प्रश्न : शाळेच्या संघात खेळणाऱ्या मुलाला ‘मैदान’ दाखवावा का?

उत्तर : दाखवावा. चित्रपट तीन तासांचा आहे आणि पूर्वार्धातील कार्यालयीन कुरघोड्यांना मूल कंटाळेल, परंतु जकार्ताचे सामने ज्या वेगाने आणि बारकाईने चित्रित केले आहेत त्यासाठी शेवटच्या तासापर्यंत त्याला बसवून ठेवावे. नायकाच्या हातात जवळजवळ सतत सिगारेट आहे. रहीम यांचे निधन जून १९६३ मध्ये, म्हणजे त्या विजयानंतर वर्षभराच्या आतच, फुप्फुसाच्या कर्करोगाने झाले, हे त्याला आधीच सांगून ठेवलेले बरे.