लहान मुलांना घेऊन फ्रान्सला जाताना किती फ्रेंच यायला हवं?

तीन आणि सहा वर्षांच्या मुलांना घेऊन पॅरिस आणि लियोंला चाललोय, कोणती फ्रेंच वाक्यं पाठ करू, असं तुम्ही विचारलंय. आम्ही लियोंत राहायला गेलो तेव्हा लेक अडीच वर्षांची होती. तेव्हाच्या अनुभवावरून सांगते, लांब वाक्यांच्या नादी लागू नका. थोडे शब्द पक्के करा, आणि त्यातला पहिला कधीच गाळू नका.

तो म्हणजे 'बोंझूर'. दुकानात, बसमध्ये, कुठेही आधी बोंझूर, क्षणभर थांबायचं, मग काम सांगायचं. थेट प्रश्न विचारला तर तिथल्या माणसाला तो उद्धटपणा वाटतो. संध्याकाळी 'बोंस्वार'. मुलांनाही शिकवा. आमच्या लेकीच्या बोंझूरनं बेकरीतल्या बाईंचा चेहरा रोज खुलायचा.

उच्चारांची धास्ती नको. फ्रेंच त आणि द आपल्यासारखेच, दातांना जीभ लावून म्हणायचे. इंग्रजीच्या सवयीनं ट-ड करू नका. कोकणातलं नाकातलं बोलणं कानावर असेल तर अनुनासिकंही लवकर जमतील.

सगळ्यात जास्त लागेल ते 'ऊ सों ले त्वालेत, सिल वू प्ले?', म्हणजे टॉयलेट कुठे आहे? मूल थांबण्यासारखं नसेल तर नुसतं 'पीपी' म्हणून त्याच्याकडे बोट दाखवा. आपल्या 'शू'सारखा तो तिथला पोरांचा शब्द आहे. तसंच बाऊ म्हणजे 'बोबो' आणि जोजो म्हणजे 'दोदो'. मुलांना हे फार आवडतात, आणि पडलेल्या मुलाला उचलणारी आजी तेच बोलत असते.

आता जेवण, कारण खरी अडचण तिथे येते. दुपारी दोननंतर बहुतेक रेस्टॉरंटची स्वयंपाकघरं बंद होतात, ती संध्याकाळी सातच्या सुमारास उघडतात. मधल्या वेळेसाठी बेकरीतून काहीतरी पिशवीत ठेवाच. 'यून शेझ ओत' म्हणजे बाळाची उंच खुर्ची. 'यून काराफ दो' मागितलं की नळाचं पिण्याचं पाणी फुकट मिळतं, नुसतं पाणी मागितलं तर विकतची बाटली येऊ शकते. मुलांच्या मेन्यूत 'स्तेक आशे', म्हणजे खिम्याची चपटी टिक्की, हमखास असते, ती बहुतेक वेळा गोमांसाची. 'झांबों' म्हणजे डुकराचं मांस. कीश लोरेन, म्हणजे अंडं घालून भाजलेली खारी पाय, वरून नुसत्या अंड्याची वाटते, पण तिच्यात 'लार्दों', म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. म्हणून 'इल या द ला व्यांद ददां?' (यात मांस आहे का?) हे एक वाक्य मात्र घोटून पाठ करा. काहीच जमलं नाही तर 'पात ओ बर', लोण्यातला साधा पास्ता, बऱ्याच ठिकाणी मुलांना करून देतात.

पॅरिसच्या मेट्रोत बाबागाडी, म्हणजे 'पूसेत', असेल तर जिने पाठ सोडत नाहीत. लिफ्टला 'आसांसर' म्हणतात. १४ नंबरच्या मार्गावर सगळ्या स्टेशनांत लिफ्ट आहे, बाकी ठिकाणी शक्यतो बस घ्या.

ताप आला तर हिरव्या क्रॉसची पाटी शोधा, ते औषधाचं दुकान. मुलगी असेल तर 'एल आ द ला फ्येव्र' (तिला ताप आहे), मुलगा असेल तर 'इल आ द ला फ्येव्र'. मुलांचं पॅरासिटामॉलचं सिरप वजनानुसार देतात, तेव्हा दोघांचं वजन किलोत कागदावर लिहून ठेवा, आकडे बोलायची वेळच येणार नाही. गंभीर असेल तर ११२ लावा.

गर्दीत मूल दिसेनासं झालं तर 'झ शेर्श मा फीय' (मुलीला शोधतेय) किंवा 'मों फीस' (मुलाला). आणि अजून एक शब्द, 'दूदू'. मूल ज्याला बिलगून झोपतं ते खेळणं किंवा फडकं. आमच्या लेकीचा कापडी ससा ट्रामच्या थांब्यावर राहिला होता. मी रडवेली होऊन फक्त 'दूदू' एवढंच म्हणू शकले, तर थांब्यावरचे चार अनोळखी लोक बाकांखाली वाकून शोधायला लागले.