वाचकांचे प्रश्न : कातारी ऑगस्ट बेबेल

प्रश्न : जर्मन समाजवादी नेते ऑगस्ट बेबेल मूळचे कातारी (लेथवर लाकूड-शिंग कातून वस्तू करणारे कारागीर) होते, असं वाचनात आलं. खासदार झाल्यावर त्यांनी लेथ सोडला का?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : सोडला नाही, आणि सोडणं परवडणारंही नव्हतं. बेबेल 1867 मध्ये उत्तर जर्मन संसदेत निवडून आले. तिथल्या आणि पुढे एकसंध जर्मनीच्या 1871 च्या राज्यघटनेतही 32 व्या कलमाने खासदारांना मानधन घ्यायला बंदी होती. ती उठली 1906 मध्ये. तोवर बर्लिनमधला मुक्काम, जेवण, घरसंसार, सगळं स्वतःच्या कमाईतून. जमीनदाराला हे जड नव्हतं; कारागिराला संसदेची दारं बंद करायला एवढं कलम पुरे होतं.

कोलोनसमोरच्या डॉइट्समध्ये 1840 मध्ये जन्मलेले बेबेल लहानपणीच पोरके झाले. वेट्झलारला कातारकाम शिकले, रिवाजाप्रमाणे गावोगाव फिरून काम करत 1860 मध्ये लायपझिगला आले आणि 1864 मध्ये त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. माल म्हणजे म्हशीच्या शिंगाच्या दारा-खिडक्यांच्या मुठी.

हे काम नाजूक आहे. शिंगाचं टोक भरीव, बुडखा पोकळ. कातायला टोकच हवं. बुडख्याचा भाग उकळत्या पाण्यात मऊ करून दाबाखाली सपाट करावा लागतो. मुठीत लोखंडी दांडा बसवायला मधोमध भोक पाडताना हत्यार बोथट असलं किंवा घाई झाली, की शिंग तापतं, जळकट वास सुटतो आणि थर उकलतात. ओलं राहिलेलं शिंग पुढे सुकताना आकसतं आणि मूठ दांड्यावरच तडकते. शेवटी प्युमिस या सच्छिद्र दगडाची पूड आणि तेलाने घोटून चकाकी आणायची. अशा धंद्यात मालकाची गैरहजेरी लगेच जाणवते.

आणि बेबेल तर तुरुंगात जायचे! 1872 मध्ये राजद्रोहाच्या तयारीच्या आरोपाखाली त्यांना आणि त्यांचे समाजवादी सहकारी विल्हेल्म लीबक्नेख्ट यांना दोन वर्षं किल्ल्यात कैद झाली. वर सम्राटाच्या अवमानाबद्दल बेबेल यांना नऊ महिने. त्या काळात कारखाना पत्नी यूली यांनी सांभाळला. बेबेल यांच्या चरित्रात त्यांचं नाव ओझरतं येतं, हा अन्याय आहे.

1876 मध्ये इसलाइब नावाचे भागीदार मिळाले. 1878 च्या समाजवादीविरोधी कायद्याने त्यांच्या समाजवादी पक्षाच्या संघटना, सभा, वृत्तपत्रं बंद पाडली, पण निवडणूक लढवायला बंदी नव्हती. बेबेल मालाच्या ऑर्डरी घ्यायला गावोगाव फिरत आणि त्याच फेरीत कार्यकर्त्यांच्या गाठी घेत. विक्रेत्याला प्रवासाचं कारण सांगावं लागत नाही. 1881 मध्ये त्यांना लायपझिगमधून हद्दपार केलं, तेव्हा ते जवळच्या बोर्सडॉर्फ गावी राहू लागले. लेखनावर घर चालू लागलं, तेव्हा कुठे धंदा सुटला. 1912 च्या निवडणुकीत 397 पैकी 110 जागा जिंकून त्यांचा पक्ष संसदेत सर्वांत मोठा ठरला.

प्रश्न : त्यांचा भारताशी काही संबंध आला का?
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : थेट म्हणावा असा नाही. मात्र 1907 च्या ऑगस्टमध्ये श्टुटगार्टच्या ज्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत मुंबईच्या मादाम भिकाजी कामा यांनी भारताचा झेंडा फडकावला, तिचा यजमान बेबेल यांचाच पक्ष होता आणि ते स्वतः तिथे होते. 1913 मध्ये ते वारल्यावर पक्षाध्यक्षपदी आलेले फ्रीडरिश एबर्ट हेही कारागीरच. ते खोगीर शिवायचे आणि 1919 मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष झाले.