घरी पापड लाटणाऱ्या बायकांना मजुरी कशी द्यावी?

किलोवर द्या, आणि माल जमा केला त्याच दिवशी. लिज्जत पापडाचं उदाहरण घ्या: हा उद्योग १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केला. तिथे पीठ केंद्रात मळतात, सभासद बायका (तिथे त्यांना बहिणी म्हणतात) ते घरी नेऊन लाटतात, वाळलेले पापड परत आणून देतात आणि नवं पीठ नेतात.

घोळ होतो तो वजनात. वाळल्यावर पीठ घटतं. म्हणून आधी केंद्रातच एक किलो लाटून, वाळवून किती भरतं ते पाहा आणि तोच आकडा सगळ्यांना धरा. नाहीतर रोज काट्यापाशी भांडण! ओलसर पापडाला पुडीत बुरशी येते, फार कडक वाळवला तर चुरा होतो. पावसाळ्यात वाळवणाची सोय केंद्रात हवीच, नाहीतर ऐन गरजेच्या दिवसांत काम बंद.